पाण्याला टीबी झाला तेव्हा

मी कॉपीबहाद्दर बोलतोय. हसू नका. तुमच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून पुढच्याच्या पेपरात डोकावणारा एक तरी असतोच ना? त्याला मास्तर कान धरून बाहेर काढतात. मला मात्र त्याच कामासाठी विमानात बसवून परदेशातून आणलं. नशीब असतं एकेकाचं.

नाव माझं इंग्रजीत आहे आणि लांबलचक आहे. त्याचा पाठीवरचा स्टिकर मंगलाबाईंनी पुसून पुसून कधीच उडवलाय. नाशकात मला सगळे 'पीसीआरचं मशीन' म्हणतात. दिसायला मी सँडविच टोस्टरचा मोठा भाऊ. वर झाकण, आत छोटे छोटे खड्डे, आणि त्या खड्ड्यांत बसतात बोटाच्या पेराएवढ्या प्लास्टिकच्या नळ्या.

काम माझं सोपं आहे. समजा, एखाद्याच्या अंगात टीबीचे जंतू आहेत, पण इतके थोडे की मायक्रोस्कोपला डोळा लावून लावून माणूस चकणा झाला तरी दिसणार नाहीत. तिथे मला बोलावतात. प्रत्येक जंतूच्या पोटात त्याची कुंडली असते, तिला डीएनए म्हणतात. मी त्या कुंडलीचा एक तुकडा पकडतो आणि त्याच्या कॉप्या काढतो. नळी उकळायला येईल एवढी तापवायची, मग गार करायची, मग पुन्हा जरा गरम. झाली एक फेरी, एकाचे दोन. पुढच्या फेरीत दोनाचे चार, मग चाराचे आठ. दोन-अडीच तासांत इतक्या कॉप्या होतात की मोजायला बसलात तर दहावी पुन्हा द्यायची वेळ येईल.

पण एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं रामायण तिच्यावरून झालं. मला अक्कल नाही. नळीत जो तुकडा असेल त्याच्या कॉप्या काढायच्या, एवढंच मला येतं. तो तुकडा पेशंटचा आहे की कुणाच्या हाताला चिकटून आलाय, हे विचारायची आपल्याला सवयच नाही.

माझा जन्म नव्वदच्या दशकातला. मुंबईच्या एका मोठ्या लॅबने मला हौसेने आणलं, चार-पाच वर्षं राबवलं आणि माझ्यापेक्षा झकपक मशीन आल्यावर जिन्याखाली ढकललं. तिथे माझ्या डोक्यावर जुनी कॅलेंडरं ठेवायचे. एकदा तर वॉचमनने डबा गरम करायला माझं झाकण उघडून बघितलं होतं, देवाशपथ.

तिथून मला उचललं डॉक्टर साधना मॅडमनी. नाशिकची सँपलं मुंबईला जायची आणि उत्तर येईपर्यंत पेशंट वाट बघून थकायचा, म्हणून ही बाई जिद्दीने पेटलेली. म्हणाली, इथेच लॅब काढीन. मला गादीत गुंडाळून टेंपोत टाकलं आणि कसारा घाट चढवून आणलं गंगापूर रोडला. पहिल्याच दिवशी मी चालू होईना. मुद्दाम नव्हे, अंग आखडलं होतं. मॅडम माझ्यासमोर स्टूल टाकून बसल्या आणि म्हणाल्या, "तू चालू झाल्याशिवाय मी जेवणार नाही." झालो ना चालू. बाईमाणसाला उपाशी ठेवायचं म्हणजे काय!

लॅबमध्ये माणसं तीन. मॅडम, टेक्निशियन सलाउद्दीनभाई आणि साफसफाई बघणाऱ्या मंगलाबाई. सलाउद्दीनभाई चाळिशी ओलांडलेले, हात एकदम स्थिर, पण गुणगुणणं इतकं बेसूर की मी मधूनच उगाच 'टीं टीं' करायचो. भाई धावत यायचे, बघायचे तर काहीच नाही. "ये मशीन नाही, शैतान आहे," म्हणायचे. मला मजा यायची.

खोल्या दोन, आणि मी मधल्या बोळात, दोन्ही दारं दिसतील असा. पुढच्या खोलीत नळ्या भरायच्या. मग माझ्याकडे कॉप्या. मग मागच्या खोलीत नळी उघडून बघायचं. तिथे चायना ग्राससारखी एक पातळ वडी असते. तिच्यात थेंब सोडला, वीज दिली आणि जांभळा दिवा लावला की, टीबी असेल तर चमकती रेघ दिसते.

आता नियम ऐका. मागच्या खोलीतली वस्तू पुढच्या खोलीत कधीच आणायची नाही. कारण मागे नळी उघडली की माझ्या कॉप्या बोटाला, टेबलाला, पिपेटला चिकटतात. पिपेट म्हणजे थेंब उचलायचं पेनासारखं यंत्र. त्यातली एक कॉपी जरी पुढच्या खोलीत गेली तरी मी तिच्याही कॉप्या काढणार. सासरी गेलेली पोरगी निदान दिवाळीला माहेरी येते, मागच्या खोलीतलं पिपेट तेवढंही नाही. ओळखायला सलाउद्दीनभाईंनी मागच्या पिपेटांना लाल टेप लावलेली.

शिवाय दर वेळी एका नळीत नुसतं शुद्ध पाणी घालायचं. माझा खरेपणा तपासायला. पाण्याच्या जागी रेघ आली नाही, तर बाकीचं खरं.

तर तो दसऱ्याच्या तोंडचा काळ. २००६ साल. मखमलाबादच्या पुढे मळा असलेले भिमाजी एका हातात झेंडूची पाटी आणि दुसऱ्या हातात पिवळसर पाण्याची बाटली घेऊन आले. मागून त्यांची बायको सरुबाई, भिंतीला हात टेकत टेकत. हातापायाच्या काड्या, पण पोट फुगून घागर झालेलं. बाटलीतलं पाणी त्या पोटातलंच, दवाखान्यात काढलेलं.

मॅडमनी विचारलं, "किती दिवस झाले पोट वाढतंय?"

"दिवस कसले विचारता म्याडम," सरुबाई बाकावर टेकत म्हणाल्या, "गल्लीतल्या बाया महिना विचारत्यात! म्हटलं, कितवा का असंना, या वयात बारसं करीन तर जेवायला या."

सगळे हसले. भिमाजी नाही हसले. मॅडमना बाजूला घेऊन म्हणाले, "डॉक्टर म्हनला दोनातलं एक हाय. टीबी नायतर कॅन्सरची गाठ. टीबी असला तर गोळ्या. गाठ असली तर लगेच फाडायचं. मुंबईची तारीख सोमवारची दिलीय. ती सोडली तर पुढची कधी भेटंल सांगता येत नाय. ती म्हनती मी टेबलावर नाय चढायची. म्याडम, टीबीच निघू द्या वो."

टीबी व्हावा म्हणून हात जोडणारा माणूस मी पहिल्यांदाच बघितला. माझं अंग गार झालं, आणि ती काही गार व्हायची फेरी नव्हती.

मॅडमनी बाटलीतलं थोडं पाणी एका कुपीत भरून, बूच लावून फ्रीझरमध्ये ठेवलं. ही त्यांची सवय. उरलेलं कामाला. भिमाजींनी जाताना पाटीतले दोन ओंजळी झेंडू टेबलावर ओतले. "उद्या खंडेनवमी हाय. तुमच्या हत्यारांना वाहा."

मंगलाबाईंना तेवढंच पाहिजे होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाट मांडला, रांगोळी काढली. "वरीसभर राबत्यात बिचारी. एक दिस तरी पाटावर बसू द्या म्याडम."

"बसवा," मॅडम म्हणाल्या. "हळदकुंकू बेताने हं."

सलाउद्दीनभाई पण सामान आणून द्यायला लागले. "मंगलाबाई, मोठा हार माझ्या शैतानला." पुढच्या खोलीतली पिपेटं आली, मागच्या खोलीतली आली, चिमटे, कात्र्या, घड्याळ, सगळी एका पाटावर पंगतीला. मागच्या खोलीतलं पिपेट पुढच्या खोलीतल्या पिपेटाच्या मांडीला मांडी लावून बसलेलं मी डोळ्यांनी बघितलं. 'टीं टीं' केलं. मंगलाबाई म्हणाल्या, "बघा, हार घातला तर कसं खूश झालं!"

खूश कसला, बोंबलत होतो मी. पण मॅडमनी डोळे मिटून हात जोडलेले, भाईंनी रुमाल डोक्यावर घेतलेला, सगळे कसे साजरे दिसत होते. रोज नियम पाळणाऱ्या माणसांना त्या दिवशी नियम आठवलाच नाही. पूजेत कुठे खोल्या असतात?

पूजा झाल्यावर मॅडम म्हणाल्या, "आता एकेक वस्तू ओल्या फडक्याने पुसून जागच्या जागी. कुंकवाचा ठिपका दिसता कामा नये." मंगलाबाईंनी घासून घासून पुसलं.

दसरा झाला आणि सरुबाईंची नळी माझ्या पोटात आली. भिमाजी बाहेर बाकावर. मागच्या खोलीत जांभळा दिवा लागला आणि भाई ओरडले, "आली! मॅडम, रेघ आली!"

काचेपलीकडून भिमाजी उठलेच. "टीबीच ना? टीबीच हाय ना? देव पावला!" खिशातून मोबाईल काढून घरी लावला सुद्धा. "ए, ऐक, टीबी निघाला गं! फाडायचं नाय, फाडायचं नाय!"

तेवढ्यात आत भाईंचा आवाज एकदम खाली आला. "मॅडम... पाणी बघा."

पाण्याच्या जागी पण रेघ. तशीच ठसठशीत.

मॅडम बाहेर आल्या. "भिमाजीभाऊ, रिपोर्ट आज मिळणार नाही."

"का? रेघ तर आली म्हनले ते!"

"साध्या पाण्याला पण टीबी झालाय असं हे मशीन म्हणतंय. मग ते वहिनींबद्दल जे म्हणतंय ते मी खरं कसं धरू?"

भिमाजींचा चेहरा लाल. "पान्याचं काय करायचं मला? पानी काय माझ्या बायकोच्या पोटातलं हाय? तुम्ही कागदावर टीबी लिहा, आमी गोळ्या चालू करतो. टीबी बरा व्हतो ना?"

"होतो," मॅडम म्हणाल्या. "टीबी असेल तर."

भिमाजी पुन्हा बाकावर टेकले.

"आणि नसेल, आणि मी लिहिलं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, "तर त्या महिनोनमहिने गोळ्या खातील आणि आत गाठ वाढत बसेल. मला तीन दिवस द्या. सोमवारच्या आत खरं काय ते सांगते."

भिमाजी चपला घालून निघाले. दारातून वळून म्हणाले, "माझीच फुलं वाहिली हत्यारांना. आन् हत्यारांनी माझ्याच घरात आग लावली."

त्यानंतर लॅबमध्ये जे सुरू झालं, बापरे! मॅडमनी पुढच्या खोलीतल्या सगळ्या औषधांच्या नळ्या कचऱ्यात टाकल्या. नवीन फोडल्या. टेबलं ब्लीचने धुतली, माझं झाकण धुतलं, माझे खड्डे कापसाच्या काडीने कोरले. गुदगुल्या झाल्या, पण हसायचं धाडस नव्हतं. मॅडमची पुन्हा तीच स्टुलावर बसायची नजर. पुन्हा नळ्या भरल्या, पुन्हा मी राबलो.

पाण्याला पुन्हा टीबी.

भाईंनी डोक्याला हात लावला. "मॅडम, मुंबईला पाठवू या सँपल."

"मुंबईचं उत्तर येईपर्यंत सोमवार उलटेल."

"मग लिहून टाकू, आमच्याने नाही होत."

"लिहू," मॅडम म्हणाल्या. "पण आधी आपल्याने काय नाही होत ते तरी कळू दे. सलाउद्दीनभाई, आज पेशंट नाही. आज फक्त पाणी."

त्या दिवशी माझ्या पोटात नुसतं पाणी. डोकं चालवलं होतं मॅडमनी. पुढच्या खोलीतल्या प्रत्येक पिपेटने वेगवेगळ्या नळीत पाणी भरलं आणि नळीवर पिपेटाची खूण केली. मी मनात म्हटलं, आता सापडतोय चोर.

सापडला. बाकी सगळं पाणी ठणठणीत, एकच आजारी. मॅडमनी ते पिपेट हातात घेतलं, स्क्रू फिरवून खोललं. आतल्या खाचेत झेंडूची सुकलेली पाकळी आणि कुंकवाची बारीक रेघ. बाहेरून टेप नव्हती, पण टेपच्या डिंकाचा चिकट पट्टा तसाच होता. लाल टेपच्या रुंदीचा.

भाई पुटपुटले, "या अल्ला. हे मागचं आहे."

मंगलाबाई दारात फडकं घेऊन उभ्या. त्यांचा चेहरा पडला. "म्याडम, कुंकू पुसताना ती टेप ओली होऊन निघाली. बिनटेपची पुढं असत्यात म्हणून मी पुढं ठेवलं वो..."

मॅडमनी पिपेट बाजूला ठेवलं. मग म्हणाल्या, "पुसायला मीच सांगितलं मंगलाबाई. आणि एका पाटावर बसवताना समोर हात जोडून मीच उभी होते. रडू नका. बादली आणा, ब्लीच आणा. उद्या शनिवार आहे."

शनिवारी फ्रीझरमधली कुपी निघाली. पूजेच्या आदल्या दिवशी बंद केलेली, त्यानंतर कुणीच न उघडलेली. तेवढंच उरलं होतं, म्हणजे डाव एकच. मॅडमनी ओळखीच्या कॉलेजातून कोरी पिपेटं मागून आणली. तीन नळ्या भरल्या. एकीत पाणी, एकीत खात्रीचा टीबी, म्हणजे मी झोपलो नाही ना ते कळायला, आणि एकीत सरुबाई.

अडचण एकच. त्या काळात लोडशेडिंगचा उच्छाद होता. लाईट कधी जाईल ते ठरलेलं, पण येईल कधी ते देवाला माहीत. आणि इन्व्हर्टरची बॅटरी म्हातारी झालेली. मध्येच लाईट गेली की माझ्या फेऱ्या मोडतात. मग सगळं पाण्यात, आणि ते पाणीपण टीबी झालेलं.

मॅडम फोनवर कुणाला तरी विनवत होत्या, बॅटरी मिळेल का म्हणून. बाकावर भिमाजी आणि सरुबाई येऊन बसले होते. दोन दिवस न बोललेले भिमाजी उठले. "बाहेर माझा ट्रॅक्टर हाय. त्याची बॅटरी चालंल का?"

भाई म्हणाले, "चालेल की! पळेल!"

भिमाजींनी पान्हा घेऊन ट्रॅक्टरची बॅटरी उचकटली, गोणपाटात गुंडाळून खांद्यावर आणली. मंगलाबाई वाटेत आडव्या. "दारातच ठेवा. आत पाय नाय टाकायचा."

"बरं बाई, बरं!"

लाईट गेली ती माझ्या शेवटच्या काही फेऱ्यांवर. दिवे गेले, पंखे गेले. मी चालूच. ट्रॅक्टरच्या जोरावर मी टीबी शोधत होतो, राव! त्या दिवशी एकदाही 'टीं' केलं नाही. भाईसुद्धा गुणगुणले नाहीत.

मग लाईट आल्यावर जांभळा दिवा. भाईंनी आधी पाणी बघितलं. कोरं. खात्रीच्या टीबीची रेघ झळझळीत. आणि सरुबाईंच्या जागी काहीच नाही. मॅडमनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. काहीच नाही.

मॅडम बाहेर आल्या आणि सरुबाईंच्या शेजारी बाकावर बसल्या. "वहिनी, टीबी सापडला नाही. नाही सापडला म्हणजे शंभर टक्के नाहीच, असं मी म्हणत नाही. पण टीबी आहे असं मी लिहिणार नाही. सोमवारची तारीख सोडू नका."

भिमाजींनी भिंतीकडे तोंड केलं. खांदे हलत होते. सरुबाईंनी पदर सारखा केला. मग पोटावर हात फिरवत म्हणाल्या, "चला मग मुंबईला. समिंदर तरी बघीन." आणि नवऱ्याकडे बघून, "आवो, आधी ती बॅटरी लावा ट्रॅक्टरला. घरी काय ढकलत न्यायचं का मला?"

सोमवारी त्या गेल्या. गाठच होती. पण फुटायच्या आत निघाली.

पुढच्या वर्षी खंडेनवमीला लॅबमध्ये दोन पाट मांडले. पुढच्या खोलीत एक, मागच्या खोलीत एक, दोघांची तोंडं दोन दिशांना, रुसलेल्या जावांसारखी. पाटावर नुसत्या कात्र्या आणि घड्याळं, हळदकुंकू कागदावर. पिपेटं कपाटात. आणि दारात झेंडूचा हार घेऊन एक बाई उभी. डोक्यावर रुमाल, खाली बोटभर केस.

"वळखलं का?" रुमाल काढून बाई म्हणाली. "मार्केटात एकानं मला 'ओ भाऊ' म्हनून हाक मारली. म्हटलं, भाऊ तर भाऊ, भाव कमी करनार नाय!"

मंगलाबाई पळत आल्या आणि हसत हसत हार दारातच धरला. "दाराला बांधू. आत एक पाकळी नाय जायची."

"नगं जाऊ दे," सरुबाई म्हणाल्या. मग मान वाकडी करून काचेतून माझ्याकडे बघितलं आणि मॅडमना विचारलं, "त्या पान्याचा टीबी झाला का बरा?"

मॅडमना हसू आलं आणि डोळे पण भरून आले. "झाला. वेळेवर सापडला म्हणून."

आता मी रिटायर आहे. नवीन मशीन आलंय, नळी न उघडताच पडद्यावर उत्तर दाखवतं. लय शहाणं समजतं स्वतःला. मी कपाटावर बसतो, खाली बघतो. पण मला माहितीये, अक्कल त्यालाही नाही. द्याल त्याच्या कॉप्या तोही काढतो.

तेव्हा दोस्तांनो, कधी असा रिपोर्ट तुमच्या हातात पडला, मनासारखा असो नाहीतर मन मोडणारा, तर एकच विचारा. घाबरू नका, हक्काने विचारा, "पाणी कोरं होतं ना?" आणि कुणी म्हणालं की नव्हतं, पण चालतंय, तर मखमलाबादच्या सरुबाईंना आठवा आणि म्हणा, पुन्हा करा.

आणि मंगलाबाई, तुम्ही ऐकताय ना? येत्या नवमीला मला हार घाला. पण पाट वेगळा. टीं टीं.